फ्रीजबाहेरच बरं टिकणारं

मागच्या वर्षी माझं लसणाचं लोणचं दुसऱ्याच दिवशी हिरवंनिळं झालं. मोरचूद कालवल्यासारखं. सोललेल्या पाकळ्या, लिंबाचा रस आणि मीठ एवढंच त्यात होतं, हळदसुद्धा घातली नव्हती. शेजारच्या काकूंनी बरणी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, तांब्याचं काही लागलंय का याला? टाकून दे बाई." मला टाकवेना आणि खायचा धीरही होईना. दोन दिवस बरणी ओट्यावर ठेवून मी कारण शोधत होते. कारण फ्रीजमध्ये होतं. इथल्या, म्हणजे इंदूरच्या, चोइथराम मंडीतून एकदम पाच किलो लसूण आणला होता आणि खराब होऊ नये म्हणून गड्डेच्या गड्डे दीड महिना भाजीच्या खणात ठेवले होते.

थंडीत राहिलेल्या लसणात गंधकाचं एक द्रव्य हळूहळू वाढत जातं. अशा लसणाच्या पाकळ्या लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये पडल्या की त्या द्रव्यापासून आधी निळा आणि मग हिरवा रंग तयार होतो. उबेत ठेवलेल्या लसणात हे द्रव्य फारसं वाढत नाही, म्हणून त्याचं लोणचं पांढरं राहतं. हा रंग अपायकारक नाही. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात व्हिनेगरमध्ये लसूण मुरवून तो मुद्दाम पाचूसारखा हिरवा करतात आणि चांद्र नववर्षाला खातात. हे कळल्यावर आम्ही ते लोणचं संपवलं, चवीला उत्तम होतं. पण तेव्हापासून माझ्या मनात बसलं की फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे नुसतं 'ठेवणं' नाही. थंडी वस्तूला काहीतरी करते. काहींचं भलं करते, आणि बऱ्याच जणांचं वाटोळं.

फ्रीज अन्न टिकवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो फक्त वेग कमी करतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की बहुतेक रासायनिक क्रिया साधारण निम्म्या वेगाने चालतात, आणि जिवाणूंची वाढ तर त्याहून जास्त मंदावते. म्हणून 4 अंशांवर दूध दोन-तीन दिवस राहतं आणि मे महिन्यात ओट्यावर दुपारपर्यंत नासतं. दूध, पनीर, वरण, उसळ, चिरलेलं फळ, ओल्या खोबऱ्याची चटणी यांचा शत्रू जिवाणू. जिवाणूंना थंडी मानवत नाही. तेव्हा या सगळ्यांना फ्रीजच हवा, त्याबद्दल वादच नाही.

टोपलीतल्या बटाट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तो जिवंत आहे. कांदा, टोमॅटो, केळं, वांगं हे सगळे तोडल्यानंतरही श्वास घेत असतात. साठवलेली साखर जाळतात, हवेतला ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायॉक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर सोडतात. मंडीत बटाट्याच्या भरल्या गोणीत मधोमध हात घालून बघा, आत कोमट लागतं. ती बटाट्यांची स्वतःची ऊब.

जिवंत आहे म्हणजे त्याला थंडीही वाजणार. डिसेंबरात इंदूरला खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि शेंगदाण्याच्या तेलाचा डबा तसाच पातळ राहतो, हे आपण दर वर्षी बघतो. वनस्पतींच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं एक पातळ आवरण असतं. गरम मुलुखातल्या वनस्पतींचं आवरण खोबरेल तेलासारखं आहे असं समजा: दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की ते घट्ट होतं, जागोजागी फटी पडतात आणि आतला रस पाझरू लागतो. जी द्रव्यं पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असायला हवीत ती एकमेकांत मिसळतात आणि साल काळी पडते, खड्डे पडतात, पाणी सुटतं. थंड मुलुखातल्या वनस्पतींचं आवरण थंडीतही पातळ राहतं, त्यामुळे त्यांना काही होत नाही.

म्हणून भाजी हातात घेतली की मी तिचं माहेर आठवते. सफरचंद, गाजर, कोबी, मटार, पालक, मुळा हे थंड हवेत वाढणारे आहेत, फ्रीज म्हणजे त्यांचं घरच. केळं, आंबा, वांगं, रताळं, टोमॅटो, काकडी, भोपळा हे उन्हातले. त्यांना 4 अंशांत ठेवणं म्हणजे मुंबईच्या माणसाला सदऱ्यावर काश्मीरला पाठवणं.

केळ्याचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ दिसतं. आपल्याकडे केळी येतात ती बुऱ्हाणपूरहून. केळ्यांचा व्यापार जगभर 13 ते 14 अंशांवर चालतो, त्याखाली कोणी जात नाही, कारण 13 अंशांच्या खाली साल काळवंडायला लागते. कच्चं केळं फ्रीजमध्ये गेलं तर ते नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही, गर चिकट आणि बेचव राहतो. पूर्ण पिकलेलं केळं एखाद-दोन दिवस ठेवलं तर साल काळी होते पण आतला गर चांगला राहतो, शिकरणाला चालतो. आंब्यालाही हाच नियम. कच्चा किंवा अर्धा पिकलेला आंबा अढीतच हवा. पिकला की मग खायच्या आधी दोन तास थंड करा, किंवा दोन-चार दिवस फ्रीजमध्ये ठेवा, हरकत नाही.

वांग्यावर फ्रीजमध्ये तपकिरी डाग पडतात आणि चिरल्यावर बिया काळ्या दिसतात. भरल्या वांग्यांसाठी आणलेली छोटी वांगी दोन दिवसांत वापरायची असतील तर ओट्यावरच ठेवावीत. काकडीला खड्डे पडून ती बुळबुळीत होते. रताळ्याचं तर मला फार वाईट वाटतं. एकादशीसाठी दोन दिवस आधी आणून फ्रीजमध्ये टाकलेली रताळी उकडल्यावरही मध्ये टणक राहिलेली तुम्ही पाहिली असतील. कितीही शिट्या द्या, तो भाग शिजत नाही, कारण थंडीने पेशींच्या भिंतींत जो बदल झाला तो उष्णतेने उलटत नाही. गराडूही त्याच पंथातला. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, गराडू म्हणजे कोनफळाचा सख्खा भाऊ. थंडीत इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, त्याचे तळलेले तुकडे वर मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून मिळतात. त्याचा कंद 12 अंशांच्या खाली ठेवला तर आतून तपकिरी पडतो आणि कुजतो. ठेलेवाले तो पोत्यावर नुसता पसरून ठेवतात, ते बरोबरच करतात.

टोमॅटोचा प्रश्न चवीचा आहे. टोमॅटोची साखर आणि आंबटपणा फ्रीजमध्ये तसाच राहतो, पण त्याला टोमॅटोपण येतं ते वासाच्या द्रव्यांमुळे, आणि ती द्रव्यं फळ सतत नव्याने बनवत असतं. 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पिकलेले टोमॅटो सात दिवस 5 अंशांवर ठेवले. ही द्रव्यं बनवणाऱ्या जनुकांचं काम थंडीने थांबलं होतं, आणि टोमॅटो पुन्हा उबेत आणल्यावरही ते पूर्वीसारखं सुरू झालं नाही. थंडीने जणू त्या जनुकांना कुलूप लावलं. थोडे दिवस ठेवलेल्या टोमॅटोत मात्र चव बरीचशी परत येते. तेव्हा लालसर-हिरवे टोमॅटो देठाकडची बाजू खाली करून परातीत पसरायचे आणि रोज पिकतील ते वापरायचे. मेच्या उन्हात सगळे एकदम पिकले तर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त कोशिंबिरीसाठी हवे असतील तर सकाळी बाहेर काढून ठेवा. आमटीत आणि भाजीत हा फरक जाणवत नाही.

बटाटा गोड का होतो

बटाट्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे आमच्या मातीचं पीक आहे. इंदूर, महू, देपालपूरच्या काळ्या जमिनीतला बटाटा कोरडा आणि कमी गोड असतो, म्हणून चिप्स करणारे तो शोधत येतात. इथे बटाटा घेताना पहिला प्रश्न हाच विचारतात, की ताजा आहे की कोल्ड स्टोरेजचा. पावसाळ्यात मी एकदा उपवासाच्या काचऱ्यांसाठी बटाटे निवडत होते तेव्हा ठेल्यावरचा माणूस आपणहून म्हणाला, "कोल्ड का है बहनजी, सब्जी बना लो, तलने के काम का नहीं." त्याने एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा. त्याला थंडीची भीती नाही, पण थंडी पडली की तो तयारी करतो. साधारण 6 ते 8 अंशांच्या खाली त्याच्यातला स्टार्च तुटून साखर होऊ लागते. हा बटाटा उकडून भाजीत घातला तर किंचित गोड लागतो एवढंच. तळला तर मात्र काचऱ्या आत कच्च्या असतानाच बाहेरून तांबड्या-काळ्या होतात आणि कडवट लागतात. साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं तापून एकत्र आली की हा रंग येतो. त्याच क्रियेत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्यही तयार होतं. तळलेल्या आणि भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ते असतं, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग होतो असं दिसल्यामुळे ते जितकं कमी तितकं बरं असं मानतात.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनचं अन्न सुरक्षा खातं आधी कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका असं सांगायचं. 2023 मध्ये त्यांनी हा सल्ला बदलला, कारण घरगुती साठवणीत अ‍ॅक्रिलामाइडचा फरक फारसा पडत नाही असं त्यांना आढळलं, आणि फ्रीजमध्ये बटाटे जास्त टिकून वाया कमी जातात. तेव्हा फ्रीजमधला बटाटा खाल्ला म्हणून घाबरून जाऊ नका. माझी तक्रार चवीची आणि रंगाची आहे. तळायचा असेल तर फ्रीजचा बटाटा नको, या मतावर मी ठाम आहे.

चिप्सचे कारखानदार आपले बटाटे 10 ते 12 अंशांवर ठेवतात, आणि भाजीचे बटाटे शीतगृहात 2 ते 4 अंशांवर असतात. घरी कोल्डचा बटाटा आला असेल तर एक उपाय आहे. तो आठ-पंधरा दिवस टोपलीत अंधाऱ्या जागी, घरातल्या तापमानाला राहू द्या. बरीचशी साखर तो श्वासात जाळून टाकतो आणि थोडी पुन्हा स्टार्चमध्ये बदलतो. काचऱ्या मग पूर्वीपेक्षा उजळ निघतात.

अंधार महत्त्वाचा. उजेडात बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही, पण त्याच्याबरोबर सोलानिन नावाचं कडू विष वाढतं आणि ते उकडून जात नाही. एखादा ठिपका असेल तर जाड साल काढून वापरा. बटाटा बराचसा हिरवा असेल किंवा जिभेला कडू लागला तर टाकून द्या, इथे काटकसर नको. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, कारण त्याने सोडलेली वाफ त्याच्याच अंगावर पडते आणि तो कुजतो.

कांदा-लसणाला झोप हवी

कांदा आणि लसूण हे मुळात झोपलेले कंद आहेत. मध्य आशियात, जिथे त्यांचे पूर्वज वाढले, तिथे कडक उन्हाळ्यात झोपायचं आणि हिवाळा सरून गारवा कमी झाला की कोंब काढायचे, असं त्यांचं आयुष्य. त्यामुळे त्यांना दोनच तापमानं मानवतात: शून्याच्या आसपास, किंवा 25 ते 30 अंश. मधलं 5 ते 20 अंशांचं तापमान त्यांना 'ऋतू बदलला, उठा' असं सांगतं. घरातल्या फ्रीजचा भाजीचा खण नेमका याच पट्ट्यात असतो, वर तिथे दमटपणा. महिनाभर ठेवलेल्या लसणातून हिरवे कोंब आले नाहीत तरच नवल.

नाशिककडच्या कांदाचाळी याच तत्त्वावर उभ्या आहेत. खालून वर हवा खेळेल अशी बांबूची किंवा जाळीची चाळ, वर छप्पर, कुठेही यंत्र नाही, आणि त्यात उन्हाळी कांदा चार-पाच महिने राहतो. घरच्या साठवणीसाठी कांदा एप्रिल-मेमधला घ्यावा, मान पूर्ण सुकलेला आणि सालं कडकडीत वाजणारा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा पाणीदार असतो, तो कितीही जपला तरी महिन्याच्या पुढे जात नाही. सुकलेली सालं काढून 'स्वच्छ' करू नका, तेच त्याचं पांघरूण आहे. आणि कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. बटाटा वाफ सोडत राहतो आणि कांद्याला ओल सोसत नाही. सालीवर काळी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. वरच्या एक-दोन पापुद्र्यांपुरती असेल तर काढून धुऊन वापरा, आतल्या थरांत शिरली असेल तर टाका. चिरलेला कांदा मात्र लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा.

लसणाबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. सोललेला किंवा ठेचलेला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. लसूण मातीतून येतो, त्याच्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा नसल्यामुळे त्यांना हवी तशी जागा मिळते. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये तेलातला चिरलेला लसूण बाहेर ठेवल्यामुळे 36 जणांना ही विषबाधा झाली होती. त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही. असा लसूण फ्रीजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. आपल्या लोणच्यात लिंबू आणि भरपूर मीठ असतं, म्हणून तिथे हा जिवाणू वाढत नाही.

पोहे वाफेवर का ठेवतात

इंदूरच्या कुठल्याही पोहेवाल्याकडे सकाळी सात वाजता बघा. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि वर पोह्यांची मोठी परात. दोन तासांपूर्वी केलेले पोहे आत्ता केल्यासारखे मऊ. पाणी थंड झालं की पंधरा-वीस मिनिटांत तेच पोहे फडफडीत होऊ लागतात.

भात, पोहे, पोळी, पाव हे सगळे शिजलेल्या स्टार्चचे पदार्थ. शिजताना स्टार्चचे लांब धागे सुटतात आणि पाणी धरून फुगतात, म्हणून मऊपणा येतो. निवलं की धागे पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात आणि पाणी बाहेर ढकलतात. यालाच आपण शिळं होणं म्हणतो. हे नुसतं वाळणं नाही. हवाबंद डब्यातली पोळीसुद्धा शिळी होते. आणि हे रांगेत बसणं सगळ्यात वेगाने होतं ते शून्य ते पाच अंशांत, म्हणजे नेमकं फ्रीजमध्ये. ओट्यावर दोन दिवस मऊ राहिलेला पाव फ्रीजमध्ये एका रात्रीत भुसभुशीत होतो तो यामुळे. फ्रीझरमध्ये मात्र पाणीच गोठतं, धागे जागचे हलत नाहीत, त्यामुळे पाव आहे तसा राहतो. म्हणून पाव दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. मधला कप्पा पावासाठी नाही.

पाण्याचा हबका मारून वाफ दिली की 60 अंशांच्या वर हे धागे पुन्हा सुटतात आणि पदार्थ मऊ होतो. पोहेवाला त्यांना मुळी रांगेत बसूच देत नाही.

याचा अर्थ उरलेला भात बाहेर ठेवावा असा कृपा करून घेऊ नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते कुकरच्या शिट्यांनाही पुरून उरू शकतात. भात कोमट राहिला की ते उगवतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात दोन तासांच्या आत, उथळ भांड्यात पसरून, फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे. तिथे तो कडक होतो हे खरं. पण फोडणीच्या भाताला मोकळी शितं लागतात आणि ती या कडकपणामुळेच मिळतात.

ओला चमचा

आता राहिले डब्यातले आणि बरणीतले पदार्थ. इथे कळीचा शब्द पाणी. पण एकूण पाणी किती ते महत्त्वाचं नाही, त्यातलं मोकळं किती ते महत्त्वाचं. मधात सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी असतं, पण ते सगळं साखरेने धरून ठेवलेलं. जिवाणू मधात पडला तर मध त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेतो. लोणच्यात हे काम मीठ करतं, मुरंब्यात साखर. तुपात तर पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शेव, पापड, कुरडया कोरड्याच. या सगळ्यांना जिवाणूंपासून वाचवायला फ्रीजची गरज नसते, ते काम बनवणाऱ्या बाईने आधीच केलेलं असतं.

उलट फ्रीजने त्रासच होतो. मध 10 ते 15 अंशांच्या आसपास सगळ्यात लवकर साखरतो. साखरलेला मध भेसळीचा असतो असं पुष्कळ जण मानतात, ते खरं नाही. शुद्ध मधही साखरतो. बाटली कोमट पाण्यात उभी केली की तो परत पातळ होतो. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवू नये, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.)

दुसरा त्रास दवाचा. ऑगस्टमध्ये इंदूरची हवा दमट असते. फ्रीजमधून मेतकुटाचा स्टीलचा डबा बाहेर काढा, मिनिटाभरात बाहेरून घाम सुटतो. झाकण उघडलं की तोच घाम आत मेतकुटावर. रोज दोन वेळा असं झालं की आठवड्यात गुठळ्या आणि महिन्यात बुरशी. कॉफी, तिखट, हिंग, गोडा मसाला यांचं असंच होतं. वर्षाचं तिखट जपायचं असेल तर मोठा साठा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, लागेल तेवढं महिन्याचं बाहेर काढा, आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

आईचा नियम होता की लोणच्याला हात लावायचा तो कोरड्या चमच्याने, आणि चमचा पुसून नव्हे, उन्हात वाळवून. लहानपणी ही कडक शिस्त वाटायची. आता कळतं की चमच्यावरच्या चार थेंबांनी बरणीत एक छोटं डबकं तयार होतं जिथे मीठ पातळ आहे आणि पाणी मोकळं आहे. बुरशी तिथूनच सुरू होते. बरणी हलवून वर तेलाचा थर ठेवायचा तो हवा आत जाऊ नये म्हणून.

यात एक मोठा फरक आपल्या पिढीने केला आहे. रक्तदाबासाठी आपण लोणच्यात मीठ निम्मं केलं, तेल कमी केलं, मुरंब्यातली साखर घटवली. हे करावंच, पण मग ते लोणचं आजीचं राहिलं नाही. त्याला बरणीत वर्ष काढायची ताकद त्या मिठानेच दिली होती. कमी मिठाचं लोणचं फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा.

शेवेचं वेगळं. ती सडत नाही, खवट होते, आणि खवटपणा येतो तेल, हवा आणि उजेड यांच्यामुळे. थंडीने तो थोडा मंदावतो, पण दवाने कुरकुरीतपणा जातो. छोट्या डब्यांत गच्च भरलेली शेव कपाटात ठेवणं हेच उत्तम. अक्रोड, सोललेले तीळ, जवसाची पूड हे मात्र तेलकट असतात, नेहमी थोडेथोडेच लागतात आणि लवकर खवट होतात, त्यांना हवाबंद करून फ्रीजमध्ये जागा द्या.

'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे

वर सगळीकडे 'खोलीचं तापमान' म्हटलं आहे, पण ती पुस्तकातली खोली 20 ते 25 अंशांची असते. मेमध्ये इंदूरला दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. आपल्या सुदैवाने माळव्याच्या रात्री गार होतात, शब-ए-मालवा म्हणतात त्या याच. मी रात्री दहाला स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडते आणि सकाळी आठला पडदे ओढून बंद करते. फरशीलगतची जागा फळीवरच्या जागेपेक्षा गार असते, म्हणून बटाटे खाली. फ्रीजच्या वर किंवा मागे तर काहीच ठेवू नये, कारण आतली सगळी उष्णता तो तिथेच बाहेर टाकतो.

कोरड्या उन्हाळ्यात ओला माठ हा खरा मित्र. पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून नेते. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत 1980 च्या दशकात याच तत्त्वावर विटांचा शीतकक्ष बनवला गेला: विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू, वर गवताचं झाकण, वीज शून्य. कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं. घरी यासाठी पसरट कुंडीत ओली वाळू घाला, त्यात दुसरी छोटी कुंडी ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. वांगी, काकडी, टोमॅटो, पिकायला आलेला आंबा यांना ही जागा फ्रीजपेक्षा मानवते, कारण ती थंड नाही, फक्त गार आहे.

कलिंगडही अख्खं असेपर्यंत बाहेरच. 2006 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांना असं दिसलं की दोन आठवडे 21 अंशांवर ठेवलेल्या कलिंगडांत 5 अंशांवरच्या कलिंगडांपेक्षा लायकोपीन आणि बीटा कॅरोटीन ही पोषक रंगद्रव्यं जास्त होती. फळ तोडल्यानंतरही ते ही द्रव्यं बनवत होतं. कापलं की मात्र झाकून फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या घरातल्या टोपल्या जागा बदलतात. वाळूची कुंडी रिकामी करून उपडी ठेवते, कारण दमट हवेत तिचा उपयोग नाही. गॅलरीतले कांदे आत येऊन जुन्या खाटेच्या जाळीवर एकेरी पसरतात. बटाटे आता एका वेळी दोन किलोच आणायचे. पाव फ्रीझरमध्ये. लसणाची जाळीची पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, शेगडीपासून दोन हात लांब टांगलेली असते. दर रविवारी तिच्यात हात घालून एकेक गड्डा दाबून बघते आणि पोचट लागला तो त्याच दिवशी ठेचून फोडणीत टाकते.